शिवदासची खुर्ची

शिवदासच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा मी त्याला एक शब्द देऊन बसलो. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे. आधी बोलायचं आणि मग बावीस वर्षं निस्तरत बसायचं.

मुलुंडच्या खाडीकाठी आम्ही पंधरावीस माणसं उन्हात उभी होतो. समोर तिवरांवर सातआठ कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. शिवदासच्या काकाने हात जोडले. "काय रवला रे बाबा तुझा? सांग." भावाने गावच्या घराचं छप्पर घालीन म्हणून सांगितलं. शकुवहिनीने, म्हणजे शिवदासच्या बायकोने, चार वर्षांच्या तेजलला कडेवर घेऊन पोरीला शिकवीन म्हणून कबूल केलं. कावळे ढिम्म. तास होत आला तसे भटजी घड्याळ बघायला लागले आणि दर्भाचा कावळा करून शिवू या म्हणाले. ते ऐकून वहिनीने असा हंबरडा फोडला की मी सरळ पुढे झालो.

"शिवा," मी म्हणालो, "आपल्या पक्षाचा मुख्यमंत्री होईल ना, त्या दिवशी तुला शपथविधीला नेईन. खुर्चीवर बसवीन. हा लव्याचा शब्द."

कावळा आला. भाताला चोच लावली आणि गेला.

सगळे ढसाढसा रडले. मी घाबरलो. तेव्हा आमच्या पक्षाचे आमदार होते तीन, आणि त्यातले दोन एकमेकांशी बोलत नव्हते. मुख्यमंत्री कसला होतोय? शब्द फुकटचा होता. पण शिवदास कशासाठी अडून बसला होता हे त्या काठावर फक्त मला ठाऊक होतं, आणि ते सोडून मी त्याला भलतंच काहीतरी कबूल केलं होतं.

तो कसा गेला ते सांगतो. घाटकोपरच्या मैदानावर आमची सभा होती. तो आणि मी, दोघेही दोरावर. गर्दी आवरायला आम्ही कार्यकर्ते ओळीने दोर धरून उभे राहायचो. दोराचा एक वेढा मनगटाला द्यायचा आणि समोर बाप आला तरी सोडायचा नाही, हे मला शिवदासनेच शिकवलं होतं. आदल्या सभेत माझ्या हातून दोर सुटला, तर आमचा शाखाप्रमुख धोंडिराम याने सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली होती. त्या दिवशी साहेबांची गाडी आली आणि लोंढा सुटला. शिवदास एका म्हातारीला आत घ्यायला दोराबाहेर गेला होता. धक्क्याने तो गुडघ्यावर आला, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याने हात वर केला. "लव्या, हात दे." मनगटाचा वेढा काढायला असा किती वेळ लागतो? मी काढला नाही. लोंढा त्याच्या अंगावरून गेला. लोक म्हणतात, माझ्या मागे बायकापोरं होती, दोर सोडला असता तर ती तुडवली गेली असती. खरं आहे. पण मला तेव्हा बायकापोरं दिसत नव्हती. मला धोंडिराम दिसत होता.

हॉस्पिटलच्या जिन्यात वहिनीने मला गाठलं. "तुम्ही होतात ना भावजी, त्यांच्याजवळ?"

"हात धरला होता, वहिनी," मी म्हणालो. "सुटला."

हे खोटं मी बावीस वर्षं जेवलो. दर श्राद्धाला वहिनी पहिलं पान मला वाढायची आणि आल्यागेल्याला सांगायची की शेवटपर्यंत यांनी हात धरला होता. एकट्यानं गेले नाहीत, तेवढंच समाधान, असं म्हणून डोळे पुसायची. मी मान खाली घालून वडे मोडत बसायचो. लोकांना वाटायचं, मित्राच्या आठवणीने गहिवरलाय.

आणि यंदा आमचा पक्ष निवडून आला. तीनचे एवढे झाले की टीव्हीवाल्यांना आकडा सांगताना धाप लागली. गिरणी कामगाराचा मुलगा मुख्यमंत्री होणार, आणि शपथविधी तिकडे शहरात नाही, पहिल्यांदाच उपनगरात, मुलुंडच्या मैदानावर. दर दोन मिनिटांनी 'ऐतिहासिक, ऐतिहासिक' चाललं होतं. तो शब्द आला की मी टीव्ही बंद करायचो.

तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्या असल्फ्याच्या खोलीवर हजर. बालवाडीतून रिटायर झालीय आता, गुडघे दुखतात, तरी चढण चढून आली.

"शाखेतून दोन पास आलेत. गेलेल्या कार्यकर्त्यांच्या घरच्यांना. तुम्ही आणि मी."

"तेजलला घेऊन जा ना, वहिनी."

"शब्द तेजलने दिलाय की तुम्ही?" ती म्हणाली. "आणि त्यांना असंच नाही न्यायचं. जिथे पडले तिथून नीट बोलवून न्यायचं. गाऱ्हाणं घाला."

शपथविधीच्या दिवशी सकाळी आम्ही घाटकोपरच्या त्या मैदानाच्या फाटकाशी उभे राहिलो. मागे रिक्षावाले हॉर्न मारतायत, बाजूला इडलीवाला, आणि मी हातात नारळ घेऊन. गावी देवासमोर घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा शिवदासा, तुका न्हेवक इलंय. आपलो माणूस आज खुर्चेर बसता हा. चल."

"व्हय म्हाराजा," मागून वहिनी म्हणाली.

नारळ एका फटक्यात फुटला. खरं सांगतो, तो नासका निघावा असं मला वाटत होतं.

मुलुंडला मैदानाच्या अलीकडे दीड किलोमीटरपासून माणूसच माणूस. झेंडे, ताशे, कुणी नाचतंय, कुणी चक्क रडतंय. आमच्यासारखे म्हातारे कार्यकर्ते एकमेकांच्या गळ्यात पडून 'बघायला मिळालं रे' म्हणत होते. मलाही आनंद व्हायला हवा होता. या दिवसासाठी मी भिंती रंगवल्या, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. पण घाटकोपरच्या फाटकापासून माझ्या डाव्या खांद्याला कुणीतरी लागून चाललं होतं. गर्दीत खांदा लागतोच. रस्ता मोकळा झाला तरी तो लागलेलाच राहिला.

तपासणीच्या दारात पोलीसबाईने पास बघितले. मग आमच्या मधोमध बघून म्हणाली, "आणि यांचा पास?"

मी डावीकडे न बघता दोन बोटं दाखवली.

"दोघंच आहात का? सॉरी हं, मला वाटलं तिघं. चला, चला पुढे."

वहिनी माझ्याकडे बघून हसली. किती वर्षांनी ती अशी हसली, आणि मी तिच्याकडे न बघता पास खिशात कोंबत होतो.

दुपारी एक वाजताच आम्ही जागा धरली. घरच्यांसाठी डाव्या बाजूला वेगळा भाग होता, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. वहिनी एका खुर्चीवर बसली, मधली सोडली आणि मला पलीकडची दाखवली. तीनपर्यंत त्या मधल्या खुर्चीबद्दल कुणी काही बोललं नाही. मग मैदान भरत गेलं. चारला पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि मध्ये ही एक रिकामी खुर्ची. या मुंबईत रिकामी खुर्ची सांभाळणं म्हणजे काय ते मला विचारा.

"कोणी आहे का इथे?"

"बाथरूमला गेलेत," मी सांगायचो. दुसऱ्याला सांगायचो, "पाणी आणायला गेलेत."

"खोटं कशाला बोलता, भावजी?" वहिनी म्हणाली. "आहे म्हणा."

मग मी 'आहे' म्हणायला लागलो. एका बाईने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मागे सरकली. एक जाडा गडी मात्र अडला. "कुठाय? दाखव ना! आम्ही काय आंधळे आहोत काय?"

"तुला दिसत नाही ना, मग नशीब समज तुझं," मी म्हणालो. माझ्या तोंडाकडे बघून तो गेला.

तो गेल्यावर माझी नजर खाली गेली. मैदानावर नवीन माती टाकली होती, भुसभुशीत. माझ्या वजनाने माझ्या खुर्चीचे पाय दोन बोटं आत गेले होते. वहिनीच्याही खुर्चीचे. मधल्या खुर्चीचेही तेवढेच आत गेले होते. त्यानंतर मी तिकडे बघायचं टाळलं.

पाचला बँड वाजला, राष्ट्रगीत झालं आणि लाखभर माणूस खाली बसला. तेवढ्यात मधल्या खुर्चीच्या पाठीला कुणीतरी गच्च धरलं. सत्तरीचा माणूस, छातीवर पक्षाचा जुना पत्र्याचा बिल्ला, ओठ पांढरे पडलेले. "भाऊ, जरा टेकू का? सकाळपासून उभा आहे."

मी वहिनीकडे बघितलं. ती समोर स्टेजकडे बघत होती. "जागा दिलेली आहे," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचे गुडघे वाकले. एक हात पाठीवरून निसटला आणि वर आला, धरायला काही मिळतंय का ते शोधत. त्यानंतर मी काही विचार केला असं म्हणणार नाही. दोन्ही हातांनी त्याला धरलं आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं, दोन घोट पाजले. त्याचा हात काही मी सोडला नाही.

"भावजी!" वहिनी जवळजवळ किंचाळली. "ते बसलेत तिथे. उठवा यांना."

"नाही उठवणार."

"बावीस वर्षांनी टेकलेत ते. तुम्ही शब्द दिलाय!"

स्टेजवर नाव पुकारलं गेलं. सगळं मैदान चिडीचूप झालं. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की...' चारी बाजूंच्या कर्ण्यांतून तो आवाज आला, आणि त्या शांततेत माझं कुजबुजणंही तिला लख्ख ऐकू गेलं.

"वहिनी, मी त्याचा हात धरलाच नव्हता."

ती वळली. "सुटला म्हणालात."

"धरलाच नाही. त्याने मागितला होता. नाव घेऊन मागितला. एवढ्या अंतरावर होता तो, या म्हाताऱ्याइतका जवळ. माझ्या मनगटात दोर होता, तो मी सोडला नाही. धोंडिराम मारेल म्हणून."

शपथ संपली. फटाके, घोषणा, ताशे, आकाशभर रंगीत कागद. आजूबाजूचा माणूस न् माणूस उठून नाचायला लागला. बसून राहिलो ते आम्ही तिघंच, मधला म्हातारा अर्धवट शुद्धीत आणि आम्ही त्याच्या दोन बाजूंना. वहिनीच्या केसांवर कागदाचे तुकडे पडत होते, ते तिने झटकले नाहीत.

"म्हणजे शेवटी त्यांच्या हातात कुणाचाच हात नव्हता," ती म्हणाली.

खरं बोललं की मोकळं वाटतं असं म्हणतात. कोण म्हणतं त्याला एकदा मला भेटवा.

प्रथमोपचारवाले आले आणि म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घालून घेऊन गेले. तो सावरला होता, जाताना हात जोडत होता. मधली खुर्ची पुन्हा रिकामी झाली, तरी वहिनी तिच्यापासून जरा लांबच उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, चारचौघांत तोंडात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"एवढी वर्षं ते माझ्याकडे यायचे," ती शांतपणे म्हणाली. "संध्याकाळी दिवा लावला की दारात येऊन उभे राहायचे. आत या म्हटलं तर यायचे नाहीत. मी विचारायचे, काय राहिलंय तुमचं? पोर शिकली, लग्न झालं तिचं, घर झालं. मुकाट उभे. मला वाटायचं, माझ्याच हातून काही चुकलं. उपास केले, नवस केले. देवासमोर नाक घासलं, भावजी, की माझं काय चुकलं ते सांग म्हणून."

"वहिनी..."

"ते माझ्याकडे काही मागत नव्हते. तुमच्याबद्दल सांगत होते. आणि मी त्यांच्याचसमोर तुमचं कौतुक करत बसायचे."

तिने पदराने तोंड पुसलं. मग मधल्या खुर्चीकडे वळून, भर गर्दीत, नवऱ्याला सांगतात तशा साध्या आवाजात म्हणाली, "मला कळलं हो. आता माझ्या दारात उभं राहू नका. यांच्याबरोबर जा."

आणि मला म्हणाली, "आजपासून तुम्ही सांभाळा. श्राद्धाला येऊ नका."

ती गेली. त्या रेट्यातून गुडघे धरत एकटी गेली. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

मैदान रिकामं व्हायला दोन तास लागले. सतरंज्या गुंडाळणाऱ्यांनी हाकललं तेव्हा मी उठलो. नाक्यापर्यंत चालत आलो, रिक्षा थांबवली आणि आत बसलो. रिक्षावाला गाडी सुरू करेना. मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी पार पलीकडच्या कडेला सरकून, दांडीला चिकटून बसलो होतो.

"और कोई आ रहा है क्या, काका?"

"नाही," मी म्हणालो. "बसलाय तो. चल."