आठवीच्या चांदाचं पाणी

सासूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? तरी मी घातला. म्हटलं, अम्मी, बोर्ड लागलाय, आता खाडीत उतरायचं नाही. मासे नाही, खेकडे नाही, शिंपल्या-तिसऱ्या नाही. अरबीत लिहिलंय, इंग्लिशमध्ये लिहिलंय, आणि ज्यांना दोन्ही येत नाही त्यांच्यासाठी माशावर लाल फुली मारलीय.

"चिखलाला कसला गो बोर्ड?" मरियमबी म्हणाल्या आणि टोपली उचलली.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. माझ्या नवऱ्याचं, अजीजचं, शारजातलं गॅरेज बंद पडल्यापासून आमच्या घरात याच खाडीचं कालवण शिजत होतं. उम्म अल कुवैनला भाडं कमी म्हणून आलो, खाडी फुकटात मिळाली. ओहोटीला जायचं, पातेलंभर तिसऱ्या वेचून आणायच्या. मग तो बोर्ड आला, आणि बोर्डामागून जीपवाला गार्ड. त्यातच अजीजला जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये नोकरी लागत होती, व्हिजाचे पेपर आत गेले होते. त्याने आम्हा दोघींना बजावलं होतं, "घरातल्या कुणाचं नाव कुठे आलं, तर खलास. डाळ खा, पाव खा, पण खाडीत पाय घालू नका."

आणि आम्ही गेलो. रोजच्या डाळीला मीही कंटाळले होते, खोटं कशाला बोलू.

गार्ड दुपारी जेवायला जातो, तेवढ्यात तिवरांच्या झाडीत शिरायचं, असा अम्मींचा प्लॅन. पाण्याचं विचारलं तर बोटांवर मोजून म्हणाल्या, "आज आठवीचा चांद. भांगाचं पाणी, त्याला जोर कुठला? दुपार कलेपर्यंत, असरच्या नमाजापर्यंत गुडघ्यावर यायचं नाही." गावी, कोकणात जयगडला त्यांचा हा हिशेब कधी चुकला नसेल. पण ही खाडी जयगडची नाही, हे आमच्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

टोपली अर्धी झाली आणि जीप परत आली. आम्हाला बाहेर पडायला एकच वाट, नेमकी तिथेच उभी राहिली. मेल्याने दार उघडलं, सीट मागे केली आणि डबा काढला. आज त्याला इथेच जेवायचं होतं. आम्ही तिवरांच्या मागे वाकून राहिलो.

मग पोटरीला कोमट पाणी लागलं. मी अम्मींकडे पाहिलं. त्या पाण्याकडे बघत होत्या, आणि ही बाई गप्प झालेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. पाणी मागच्या बाजूने येत होतं, बघता बघता मांडीला लागलं. म्हटलं, चला, जरा उंचावर सरकू. अम्मींचा उजवा पाय निघेना. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला होता. मी ओढलं, हाताने चिखल उपसला, तर तेवढाच परत आत येत होता.

माझ्या छातीशी पाणी आलं. म्हणजे त्यांच्या गळ्याशी.

"मी हाक मारते," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "खतीजा, गप. पोराचा व्हिजा लागू दे. मी उभी आहे."

"अम्मी, बुडाल तुम्ही."

"बुडले की मग मार."

अशा बाईपुढे काय डोकं फोडायचं? जीपचं दार अजून उघडंच होतं. त्यांच्या हनुवटीला पाणी लागलं आणि मी ओरडले. बचाओ, भैया, बचाओ, जे तोंडात आलं ते.

तो बुटांसकट पाण्यात शिरला. बुडी मारून त्याने पाय मोकळा केला, अम्मींना उचलून काठावर आणलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मला वाटलं, सुटलो. पण तो खाली मान घालून म्हणाला, "भाभी, उधर कैमरा है. आयडी देना पड़ेगा." मी दिलं. त्याने फोटो काढला आणि वर मलाच सॉरी म्हटलं. घरी येताना अम्मी माझा हात झटकून पुढे चालल्या.

संध्याकाळी अजीज आला. मी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. तो बूट न काढताच खाली बसला. मग विचारलं, "पाणी किती होतं?"

मी हनुवटीखाली हात आडवा धरला. "अम्मींच्या इथवर."

अम्मी कोरडे कपडे घालून पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी हात कंबरेला लावला. "एवढं," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला की त्यांचे ओले कपडे मी बादलीत आपटले.

"मग हाक कशाला मारलीस?" अजीजने मला विचारलं.

मी अम्मींकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या, आणि हात अजून कंबरेलाच होता.