नजमाची साक्ष

त्या दुष्काळात पडेगावच्या मागच्या वस्तीला कारभारी नावाच्या एकाच्या टँकरशिवाय पाणी नव्हतं. चहूबाजूंनी इमारती उठत होत्या आणि बोअर आटत होते. मेंढरं राखणारी कस्तुराबाई आणि तिचा नवरा बिरू शेजारच्या नजमाबरोबर एक टँकर वाटून घेत.

एका सकाळी टँकर आला तेव्हा नजमाचे ड्रम धुवायचे राहिले होते, म्हणून बिरूनं आधी मेंढरांची डोणी भरून घेतली. तहानलेली जनावरं पाण्यावर तुटून पडली. थोड्या वेळानं एकेक मेंढी थरथरायला लागली, तोंडाला फेस आला. नजमा ड्रममध्ये पाइप सोडणार तोच कस्तुराबाई ओरडली, "थांब! घेऊ नको ते पाणी!"

दुपारपर्यंत निम्मा कळप आडवा झाला होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेली मेंढी तपासली, डोणीतलं पाणी तपासणीला पाठवलं. अहवाल आले तेव्हा पाण्यात कारखान्यातलं रसायन निघालं.

"भरपाईसाठी ग्राहक मंचात जा," डॉक्टर म्हणाले. "वकील लागत नाही. झालं ते अर्जात लिहायचं, हे अहवाल जोडायचे. पाणी त्याच्याकडूनच घेतल्याची पावती आहे?"

"टँकरवाला कुठं पावती देतो, सायेब?"

"मग ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल."

कारभारीला कुणकुण लागलीच. संध्याकाळी तो गल्लीच्या मधोमध मोटारसायकल लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मेंढरं उन्हानं मेली. ज्याला केस करायची त्यानं खुशाल करावी. पण अर्ज गेला, की ह्या गल्लीत टँकर फिरकणार नाय."

तो जाताच समोरची लीलाबाई कस्तुराबाईच्या दारात आली. "तुझ्या मेंढरांपायी आमची लेकरं तहानली ठेवती का?"

कस्तुराबाईला आधी साक्षीदार हवा होता. ती नजमाकडं गेली, तर नजमाचा नवरा चांदपाशा उंबऱ्यातच उभा राहिला. "भाभी, हमको इसमें मत खींचो. रुक्सारचं बाळंतपण तोंडावर आलंय. पाणी तुटलं तर लेकीला काय देऊ?"

त्याच्या पाठीमागं नजमा खाली मान घालून उभी होती. कस्तुराबाई परतली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मंचाच्या कार्यालयात गेली. खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज, त्याच्या प्रती आणि अहवाल पाहिले.

"साक्षीदार?"

"नाय."

"दाखल करून घेतो मी. पण समोरचा म्हणेल, माझा टँकर आलाच नव्हता. मग काय कराल?"

कार्यालयाच्या दारातून बाहेरचं फाटक दिसत होतं. तिथं कारभारी उभा होता, नजर इकडंच. कस्तुराबाईनं कागद खिडकीतून आत सरकवले.

"घ्या दाखल करून," ती म्हणाली.

एवढ्यात फाटकातून नजमा आत आली. कारभारीनं तिला काहीतरी म्हटलं. ती थांबली नाही.

"त्या दिवशी ड्रम धुतलेले असते तर तेच पानी रुक्सारच्या पोटात गेलं असतं," ती धापा टाकत म्हणाली. "कुठं सही करायची?"

"अन् चांदपाशाभाई?"

"घरी गेल्यावर सांगते त्यांना."

टँकर त्याच दिवसापासून बंद झाला. सगळी गल्ली दौलताबाद रस्त्यापलीकडच्या विहिरीवर रांग लावू लागली. रांगेत दोघींशी कुणी बोलेना. चांदपाशा सायकलला कॅन बांधून पाणी आणायचा. नजमाशी तोही अबोला धरून होता. रुक्सारला मुलगी झाली तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

सुनावणीत कारभारी म्हणालाच, टँकर माझा नव्हता. नजमानं उठून ड्रायव्हरचं नाव सांगितलं, टँकरवरचा नंबर सांगितला. मंचानं ड्रायव्हरला बोलावलं आणि त्यानं कबूल केलं.

निकाल पुढच्या पावसाळ्यानंतर कस्तुराबाईच्या बाजूनं लागला. भरपाईतून बिरूनं पाचोडच्या बाजारात मेंढ्या घेतल्या. पूर्वीइतका कळप काही झाला नाही. गल्लीत आता दुसऱ्याचा टँकर येतो. लीलाबाई मात्र त्या दोघींशी अजून बोलत नाही.