मिरवणुकीच्या चालीचं ऑइल

वाडीची संयुक्त जयंती मे महिन्यात होते, कारण मुंबईची माणसं मे महिन्यातच सुट्टी काढून गावी येतात. कॅलेंडरात तारखा कुठल्याही असोत, मिरवणूक निघते ती तेव्हा. विहारापासून फाट्यापर्यंत आणि परत. तिच्यात लेझीमच्या लगेच मागे, बाकी सगळ्यांच्या पुढे, टपावर बाबासाहेबांची तसबीर घेऊन चालते ती धोंडू तांबे यांची फियाट. धोंडू मुंबईत एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टर परदेशी गेले तेव्हा बासष्ट सालची ही गाडी त्यांनी धोंडूंच्या हवाली केली. धोंडूंच्या माघारी ती त्यांची मुलगी शालन चालवते. शालन जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वाडीतली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली.

गेल्या वर्षी गाडी शाळेच्या चढावर उकळली आणि बंद पडली. पोरांनी ती ढकलत विहारापर्यंत आणली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि विक्रोळीपासून विरारपर्यंतच्या नातेवाइकांनी तो पाहिला.

यंदाच्या बैठकीत मुंबई मंडळाचा निलेश उठला. तोही शालनचाच विद्यार्थी.

"बाई, राग नका मानू. बाबासाहेबांचा फोटो असा ढकलत आणणं बरं दिसत नाय. माझी पिकअप हाय, नवीन. सजवू आपण."

"नवीन गाडीला कोणीही हार घालील," शालन म्हणाली.

"घालील ना. पण ती चालंल."

लोक हसले. शेवटी ठरलं की आदल्या दिवशी सकाळी फियाटने मिरवणुकीच्याच चालीने फाट्यापर्यंत जाऊन यायचं. बंद न पडता आली तर मान तिचा. नाहीतर यंदापासून पिकअप, आणि मग कायमची पिकअप.

शालनने भावाकडे पाहिलं. अभय जहाजाच्या इंजिन रूममध्ये फिटर होता. निवृत्त होऊन तो नुकताच गावी स्थिरावला होता. "करतो मी तयार," तो म्हणाला. त्या एका वाक्यावर शालन निश्चिंत झाली.

रेडिएटर त्याने आधीच उतरवून साफ करून घेतला होता. आता प्रश्न ऑइलांचा होता. अभयने त्याचा विचार जहाज बंदरातून सोडण्याआधी करतात तसा केला. ही गाडी वर्षातून एकदाच खरं काम करते, आणि ते काम म्हणजे लेझीमच्या मागून पहिल्या गिअरमध्ये, मे महिन्याच्या उन्हात, दर घरापुढे थांबत सरपटणं. रेडिएटरला वारा लागत नाही. ऑइल तापून पातळ होतं. इंजिन हळू फिरतं म्हणून ऑइलचा पंपही हळू फिरतो. हायवेवर पळणाऱ्या गाडीसाठीचं पातळ ऑइल इथे कामाचं नाही. तापलं तरी अंगात जोर राहील असं जाड ऑइल हवं.

दोघं रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळच्या दुकानात गेली. दुकानदाराने गिअरसाठी सगळ्यात भारी म्हणून एक डबा पुढे केला. अभयने त्यामागचा मजकूर वाचून तो परत दिला.

"हे नको. ह्यातलं गंधक जुन्या गिअरबॉक्सातल्या पितळी रिंगा खातं. ह्याच्याहून हलक्या दर्जाचं द्या, जाडी तीच, नव्वद नंबरची."

"लोक भारी मागतात, तुम्ही हलकं मागताय."

"लोकांच्या गाडीत पितळ नसेल."

ब्रेकचं ऑइल साधं घेतलं. इथल्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं, म्हणून दर वर्षी बदलायचं, हे अभयने शालनला दुकानातच बजावलं. स्टिअरिंगच्या पेटीत धोंडू ग्रीस भरायचे. अभयने तिथेही नव्वद नंबर ठरवलं. रेडिएटरसाठी विहिरीचं पाणी बंद, बॅटरीचं पाणी आणि कूलंट. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

इंजिनासाठी दुकानदाराने एक साधा डबा काढला. "जुन्या गाड्यांना सगळे हेच नेतात."

"आप्पाही असलंच घालायचे," शालन वडिलांची आठवण काढत म्हणाली.

"आप्पांना जे मिळायचं ते घालायचे," अभय म्हणाला आणि तिला घेऊन मिरकरवाड्यात गेला. तिथे मच्छीमारी बोटींच्या इंजिनाचं ऑइल मिळतं. चाळीस नंबर, जाड, आणि त्यात मळ सोडवणारं औषध भरपूर. त्याने आयुष्यभर असल्याच ऑइलवर इंजिनं चालवली होती. डबा उचलताना तो इतका खूश दिसला की शालनला हसू आलं.

"मासे पकडायला जायचंय काय रे गाडी घेऊन?"

"तू फक्त स्टिअरिंग धर गं."

नवं ऑइल भरल्यावर आठवडाभर अभय रोज गाडी फिरवत होता. इंजिनाचा आवाज मऊ झाला. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर ऑइल दोनच दिवसांत काळंकुट्ट झालेलं. त्याने ती कौतुकाने बहिणीला दाखवली. "बघ. काळं झालं म्हणजे काम करतंय. मळ धरतंय."

"आणि तो मळ जातो कुठं?" शालनने विचारलं. ती शाळेतही असेच प्रश्न विचारायची.

"ऑइलात राहतो," अभय म्हणाला आणि पट्टी पुसून परत घातली.

चाचणीच्या दिवशी सकाळी निलेश आणि मंडळाची चार माणसं गाडीच्या पुढे चालत निघाली. चाल बरोबर राहावी म्हणून एकाने ताशाच घेतला होता. गाडी फाट्यापर्यंत गेली. पाणी उकळलं नाही. शाळेचा चढही ती सहज चढली. निलेशने मागे वळून अंगठा दाखवला. परतताना सगुणाच्या दुकानापुढे ताशेवाला पाणी प्यायला थांबला, गाडी उभी राहिली, आणि ऑइलचा दाब कमी पडला की लागतो तो डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला. शालनने अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला. दिवा विझला. पाय काढला की पुन्हा लागला. तिने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"पडली बंद?" निलेश धावत आला.

"पडली नाय. मी केली."

"एकच ना, बाई."

"एक नाय. पडली असती तर तुला सांगावं लागलं नसतं."

अभयने दिवा पाहिला आणि त्याला क्षणात कळलं. जहाजावर ऑइल इंजिनातून निघून प्युरिफायरमध्ये जातं. ते यंत्र अहोरात्र मळ वेगळा काढून फेकत असतं. म्हणून तिथे मळ सोडवणारं ऑइल चालतं. या फियाटमध्ये पंपाच्या तोंडाशी एक जाळी आहे, बस्स. धोंडूंच्या साध्या ऑइलने इतक्या वर्षांत जो गाळ इंजिनाच्या तळाला आणि भिंतींना निवांत बसवला होता, तो या नव्या ऑइलने आठवड्याभरात उठवून त्या जाळीवर नेऊन थापला होता. बहिणीने नेमकं हेच विचारलं होतं.

"ताई, चूक माझी," तो म्हणाला. "गाडी घरापर्यंत ओढत नेऊ. इंजिन लावू नको."

निलेशने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. पिकअपला लावायच्या झालरी तोवर त्याच्या अंगणात बांधून तयार होत्या.

फणसाच्या सावलीत अभयने गाडी दगडांवर चढवली आणि इंजिनाखालचं ऑइल चेंबर उतरवलं. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काजूच्या डिंकासारखा काळा चिकट थर होता. त्याने तो डिझेलने धुतला, चेंबर खरवडलं, आणि पुठ्ठ्यासारख्या पॅकिंगच्या तावातून नवं पॅकिंग कापलं. शालन स्वतः शहरात जाऊन साळवी स्टॉपवरचा तो साधा डबा घेऊन आली.

"दुकानदार काय म्हणाला?"

"म्हणाला, मासे मिळाले काय?"

"तू सांगितलंस त्याला?"

"मग! लपवू कशाला?"

साधं ऑइल भरलं, गाडी चालू केली, तापवली, अंगणात तासभर चालूच उभी ठेवली. दिवा लागला नाही. शालनचा चेहरा मोकळा झाला. ती विहारातून तसबिरीची चौकट आणायला निघालीच होती, तेवढ्यात निलेश आला.

"जय भीम. काय मग अभयदादा, उद्या थांबायची नाय ना?"

शालन पायरीवर थांबली. अभय हात पुसत राहिला. जहाजावर चीफ इंजिनिअर विचारायचा तेव्हा उत्तर एका शब्दात द्यावं लागायचं, आणि तो शब्द देण्याआधी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

"खालचा गाळ काढला," तो म्हणाला. "वरचा मी पाहिलेला नाय. त्यासाठी इंजिन खोलावं लागेल. तो ढिला झालेला हाय. उद्या सुटेल, नाहीतर महिन्याने सुटेल. थांबणार नाय असं मी सांगू शकत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे फोटो पिकअपवर ठेव."

निलेश शालनकडे न पाहता गेला. शालन आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

"नाय थांबत, एवढं बोलायला काय झालं होतं?" ती आतूनच म्हणाली. "अशा वेळी सगळे म्हणतातच की. निलेश म्हणाला, माझी गाडी चालंल. त्याने इंजिन खोलून बघितलं?"

"थांबली असती तर?"

"तर थांबली असती. आप्पांची गाडी दुसऱ्याच्या मागून कधी गेली नाय."

"मग घरी ठेवू."

भांड्यांचा आवाज थांबला. मग ती हात पुसत दारात आली. "घरी कशाला? काशीआत्याचे गुडघे गेलेत. तीन वर्षं ती मिरवणूक दारातनं बघते. तिला घेते."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मग झालरींची पिकअप, मग निळे झेंडे, बायका, आणि सगळ्यांच्या मागे फियाट. तिच्यात काशीआत्या आणि तिच्या वयाच्या आणखी दोघी होत्या. धोंडूंच्या काळात या गाडीत ड्रायव्हरखेरीज कोणी बसत नसे. त्यामुळे सीटच्या स्प्रिंगा अजून ताठ होत्या आणि आत्या दर खड्ड्याला उडत होती.

"शालन, हळू गं! फाट्यावर नाय, मला वर पाठवशील!"

"चालण्याएवढीच चालवतेय आत्या. ह्याच्याहून हळू म्हणजे मागे जावं लागेल."

अभय खिडकीशी चालत होता. परतीच्या वाटेवर पाण्याच्या टाकीपाशी पुढे लेझीमचा खेळ रंगला आणि सगळे थांबले. लाल दिवा लुकलुकला. शालनने इंजिन बंद केलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मागे कोणी नव्हतंच. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींना पानाचा डबा दिला. अभय दिव्याकडे बघत उभा राहिला.

"लागला," शालन पुटपुटली.

"हं."

पिकअपच्या टपावरची तसबीर गर्दीच्या डोक्यांवरून दिसत होती. निलेश तिथून हात हलवून पोरांना बाजूला करत होता. खेळ संपला, ताशे पुन्हा सुरू झाले, लोक पुढे सरकले. फियाटच्या पुढ्यात मोकळा रस्ता वाढत गेला.

"पुढे असते तर आत्ता सगळी वाडी माझ्याकडे बघत असती," शालन म्हणाली.

अभयने बॉनेटवर हात ठेवून इंजिन किती तापलंय ते पाहिलं.

"इंजिन खोलायचं म्हणालास ते कधी?"

"पावसाच्या आत."

"मी पण बसणार खाली तुझ्याबरोबर. काय काढतोस, काय भरतोस, सगळं सांगून करायचं."

"बरं."

"आणि मी काही विचारलं तर आधी विचार करायचा, मग उत्तर द्यायचं."

"बरं म्हटलं ना, बाई."

तिने चावी फिरवली. इंजिन लागलं, दिवा विझला. मागच्या सीटवरून काशीआत्याने तिच्या खांद्यावर बोट टोचलं. "चल गं पोरी, तुझ्या मास्तरकीपायी आमची मिरवणूक गेली पुढे." शालनने गाडी गिअरमध्ये टाकली आणि अभय बाजूला झाला.