तिवाएवाएची पहिली आंघोळ

मी एक तिवाएवाए बोलतेय. तुमच्याकडच्या गोधडीची लांबची बहीणच म्हणा, फक्त माझ्या पोटात काही भरलेलं नाही. पांढऱ्या कापडावर लाल कापडाची फुलं, आणि आकार एवढा, की अंगणात मला पसरलं तर वरून जाणाऱ्या विमानाला वाटावं, अख्खं बेट फुललंय. खोटं वाटत असेल तर दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या आमच्या अतिउ बेटावर येऊन विचारा.

ममा आकाइतीने मला जन्माला घातलं, पण हात सगळ्या शेजारणींचे लागले. आमच्याकडे थोरल्या बायकांना ममा आणि थोरल्या पुरुषांना पापा म्हणतात. दुपारी ओसरीवर बसून शिवायच्या. एक टाका, एक चहाडी. बेटावर कोणाचं काय चाललंय, ते माझ्याइतकं पोलिसांनाही ठाऊक नसेल.

ममा शिस्तीची. पांढरं कापड तिने आधीच धुऊन वाळवून घेतलं होतं. नंतर आटलं तर फुलांभोवती सुरकुत्या पडतात ना! लाल कापड आणणारं जहाज मात्र उशिरा आलं, आणि मुलाचं, इओआनेचं लग्न तोंडावर. ते कापड एकदाच भिजवलं गेलं. आटायचं ते आटलं, पण जास्तीचा रंग अंगात राहिला.

शनिवारी साऱ्या गावासमोर मला नवरानवरीच्या खांद्यांवर पांघरायचं होतं. आणि माझ्या अंगावर काय, तर खोबरेलाची बोटं, चहाचे डाग आणि शेजारच्या ममा तेपाएरूच्या तळलेल्या माशाचा वास. आंघोळ हवीच होती.

"गरम पाणी ओत गं, डाग पटकन जातील," तेपाएरू म्हणाली.

"ओत, म्हणजे लाल रंग सुटेल, आणि मग सुनेऐवजी उशीला पांघरू!" आकाइती म्हणाली. "थंड आण. भरपूर."

तिने ओलं पांढरं फडकं माझ्या एका पाकळीवर दाबलं. फडकं गुलाबी झालं. "पटकन धुवायची, पटकन वाळत घालायची. ओली गोळा करून ठेवली की संपलं."

सगळ्यांनी मला धुतलं झकास. न पिळता, दाबून पाणी काढलं आणि दोरीकडे न्यायला टोपात ठेवलं. तेवढ्यात ममाचे थोरले दीर, चर्चमधले वडीलधारे पापा किमिओरा आले. टोपी काढून म्हणाले, "काम झालं? चला, प्रार्थना करू."

आमच्याकडे काम झालं की प्रार्थना, आणि प्रार्थनेत कोणी हलायचं नाही. सगळ्या माना खाली, हात जोडलेले. मी टोपात, घडीवर घडी.

पापांची प्रार्थना म्हणजे काय! एकदा त्यांनी डोळे मिटले तेव्हा अंगणात नारळ रुजत होता. 'आमेन' म्हणेपर्यंत लोक त्याची शहाळी प्यायले. त्या दिवशी ते बेटावरल्या सगळ्यांसाठी बोलले, मग न्यूझीलंडला गेलेल्यांसाठी. माझी लाल पाकळी पांढऱ्याला चिकटलेली. रंग सरकतोय हे कळत होतं, पण ओरडता येत नव्हतं.

ममाने एक डोळा किलकिला केला. टोपाच्या तळाला गुलाबी पाणी! पण थोरल्या दिरांची प्रार्थना तोडायची? आजवर कोणी तोडली नव्हती.

पापा जहाजाच्या इंजिनापर्यंत पोचले, आणि...

"आमेन!" ममा गरजली.

"आमेन!" सवयीने सगळ्या ओरडल्या आणि हात मोकळे झाले.

"अगं, राजासाठी मागायचं राहिलंय अजून!" पापा म्हणाले.

"राजाला थांबायला सांगा, भावजी, माझ्या सुनेची तिवाएवाए रंग सोडतेय! धरा गं कोपरे, परत पाण्यात!"

तेपाएरू हसता हसता घसरून टोपातच बसली. "ऊठ गं बाई, तू नाही आटणार!" ममा ओरडली.

ओली आहे तोवर धुतलं तर उतरलेला रंग निघतो. पाणी बदललं, पुन्हा बदललं. ममाची टाकी आटली, तेव्हा पापांनीच तोंड फुगवून आपल्या टाकीतून बादल्या आणल्या. शेवटी पाणी नितळ राहिलं. मला सावलीत, पाण्याच्या ओझ्याने ताणली जाऊ नये म्हणून दोन दोऱ्यांवर पसरलं. ममा प्रत्येक पाकळीला नाक लावून फिरली. पांढरं पांढरंच होतं. मग ती पायरीवर बसून रडली, आणि तेपाएरूने तिला मासा भरवला.

शनिवारी मी नवरानवरीच्या खांद्यांवर होते. आता त्यांच्या पेटीत सुखात असते. सून मला थंड पाण्यातच धुते. पापा अजून येतात, पण मी दोरीवर चढेपर्यंत टोपी काढत नाहीत.

तुमच्याही घरी माझी कोणी बहीण असेल. तिला धुतल्यावर हवी तेवढी लांब प्रार्थना करा. फक्त आधी तिला दोरीवर टाका. देव थांबतो हो, लाल रंग थांबत नाही.