तेरा नंबरची ताटली

तेरा नंबरच्या ताटलीपाशी परीक्षक बसंतीबाई थांबल्या. ताटलीत चिंचेचे नऊ गोळे होते, प्रत्येकात एक काडी खोचलेली. बसंतीबाईंनी एका बोटानं ताटली मागं सरकवली आणि हातातल्या कागदावर तेरा नंबरच्या चौकटीत आडवी रेघ मारली. चाखलं नाही.

शेजारी नववीच्या वर्गशिक्षिका उषाबाई उभ्या होत्या. बसंतीबाई त्यांना हळूच म्हणाल्या, "इनके घर में अंडा-मटण सब चलता है. आपल्याला नाही जमत."

हळूच म्हणाल्या, पण टेबलाच्या पलीकडे ताटलीची मालकीण उभी होती. बेबीनंदा, नववी ब. तिनं सगळं ऐकलं.

ही गोष्ट डिसेंबर १९९६ मधली. जालन्यातल्या मुलींच्या एका शाळेत गुरुवारी दुपारी विनाअग्नी पाककृतीची स्पर्धा होती. एकवीस मुलींनी भाग घेतला. अटी तीन होत्या. पदार्थाला कुठंही विस्तव लागलेला नको, पदार्थ घरून करून आणायचा, आणि ताटलीवर फक्त नंबराची चिठ्ठी लावायची, नाव लिहायचं नाही. परीक्षकांना कोणाचं काय ते कळू नये म्हणून ही तिसरी अट.

ती अट पाळली गेली आणि तिचा काही उपयोग झाला नाही. स्टीलचं भांडं नाव कोरल्याशिवाय कोणी घरात आणत नाही. तेरा नंबरच्या ताटलीच्या काठावर 'सौ. गोजरबाई रामकिसन, केदारखेडा' असं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं. सात नंबरच्या ताटलीवर 'बसंतीबाई जुगलकिशोर' होतं. सात नंबरच्या ताटलीत बिस्किटांचा रोल होता, चकत्या केलेला, बाहेरून तपकिरी आणि आत खोबऱ्याचं पांढरं वेटोळं. बसंतीबाईंनी त्याच्या दोन चकत्या खाल्ल्या आणि दहापैकी दहा गुण दिले. बाकीच्या दोघी परीक्षकांनीही त्याला नऊ-नऊ दिले, त्यामुळे निकालावर बोट ठेवायला जागा राहिली नाही. पहिला नंबर बसंतीबाईंच्या मुलीचा, मैनाचा आला. चिंचेच्या गोळ्यांना त्या दोघींनी आठ-आठ दिले होते. रेघेमुळे बेबीनंदा अकरावी आली.

निकालानंतर उषाबाईंनी माईकवरून सांगितलं, "यंदा नवीन पद्धत आहे. पहिला नंबर आलेली मुलगी शनिवारी स्नेहसंमेलनात पालकांसमोर पदार्थ करून दाखवेल."

टाळ्या वाजल्या. मैनानं वाजवल्या नाहीत. तो रोल तिनं केलेलाच नव्हता.

बेबीनंदाचे आईवडील, गोजरबाई आणि रामकिसन, तीन वर्षांपूर्वी केदारखेड्याहून जालन्याला आले. रामकिसन बियाण्यांच्या गोदामात कामाला लागला. मस्तगड भागात जुगलकिशोर सेठच्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांना भाड्यानं मिळाल्या. मालकीणबाईंची, म्हणजे बसंतीबाईंची, एक अट होती. खोलीत मांस-मच्छी शिजवायची नाही, अंडंही आणायचं नाही. गोजरबाईनं ती पाळली. तिचा भाऊ एकदा गावाकडून कोंबडी घेऊन आला, तर तिनं त्याला कोंबडीसकट उंबऱ्यावरून परत धाडलं. रामकिसनला खायचं असलं तर तो स्टँडवर खाऊन, चूळ भरून घरी यायचा.

मैना आणि बेबीनंदा एका बाकावर बसायच्या. बुधवारी बसंतीबाई भजनाला गेल्या तेव्हा मैना बिस्किटांचे पुडे आणि लोण्याचा डबा घेऊन मागच्या खोलीत आली. "बेबी, माझ्या हातनं होत न्हाई. तूच करून दे ना, प्लीज," असं तिनं आदल्या दिवशीच शाळेत हात जोडून म्हटलं होतं. बेबीनंदानं बिस्किटं लाटण्यानं कुटली, पिठाच्या चाळणीनं चाळली, मळली. तेल लावलेल्या प्लॅस्टिकवर लाटून वरून लोणी, पिठीसाखर आणि खोबऱ्याचा कीस पसरला. गुंडाळी ओल्या फडक्यात बांधून माठाला टेकवून ठेवली, आणि तासाभरानं सुरीऐवजी शिवणाच्या दोऱ्यानं कापली. मैना तेवढा वेळ चिंचेचे गोळे चाटत बसली होती. गोळ्यांत कच्चं जिरं, गूळ, मीठ, तिखट. जिरं भाजलं असतं तर अग्नी लागला असता.

गुरुवारी संध्याकाळी मैनानं घरी एकटीनं रोल करून पाहिला. चॉकलेट पावडर घातली, दूध घातलं. लाटलेली पोळी उचलताच तिचे तुकडे झाले. पुन्हा केला, पुन्हा तेच. शुक्रवारी संध्याकाळी तिनं आईला सांगितलं, "बेबीला मदतीला बोलावते."

बसंतीबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर एक गोणपाट टाकलं. बेबीनंदानं तिथं बसून सांगायचं, मैनानं आत करायचं.

बेबीनंदा गोणपाटावर बसली नाही. उभी राहिली. तिच्या हातात झाकणाचा डबा होता.

"बोल," बसंतीबाई आतून म्हणाल्या. "दूध किती?"

"आधी हे खा, काकू."

"काय है ते?"

"तेरा नंबरची ताटली."

बसंतीबाईंनी डब्याकडे पाहिलं. "आज शुक्रवार. संतोषीमाताचा उपास है माझा. आंबट मी हातात पण घेत नाही."

"काल गुरुवार होता."

"जबान बहुत चलती है तेरी. गोजरबाईला सांगू का?"

"सांगा. अन् हे पन सांगा, की काल एक नंबर दिला तो रोल कोनं केल्ता."

"मैनानं."

"इचारा की तिला."

मैना चाळणीकडे बघत राहिली. बसंतीबाईंनी तिचं नाव दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तू भजनाला गेली होतीस ना, मम्मी... तेव्हा त्यांच्या खोलीत."

"कोणी केला?"

"हिनं."

बसंतीबाई उठल्या. मोरीत गेल्या आणि तीनदा चूळ भरली. रोल खाऊन एक दिवस उलटला होता.

"चूळ भरून काय व्हनार?" बेबीनंदा म्हणाली. "कालच पोटात गेलं. दोन चकत्या. तिसरी उचलत होत्या, तेवढ्यात उषाबाईनं ताटली म्होरं नेली."

"तूने धोखा दिया मुझे."

"म्या न्हाई दिला. तुमच्या पोरीनं हात जोडले, म्या करून दिलं. तीन सालं झाली, तुमच्या अटीनं आमच्या खोलीत अंडं फुटलं न्हाई. माझा मामा कोंबडी घेऊन आल्ता, मायनं वापस धाडला. तुम्ही ह्याच खिडकीतून पाह्यलं. मंग काल काय म्हन्ल्या तुम्ही उषाबाईला?"

बसंतीबाई पदराला तोंड पुसत उभ्या होत्या. "हम जो बोले सो बोले."

"मंग माझं पन आयका. न कळता खाल्लेलं म्या धरत न्हाई. कळून खा. एकच गोळा. मंग सांगते रोल कशानं फुटत न्हाई ते."

"और नहीं खाया तो?"

"तर उद्या तुमची पोरगी अन् तुमची पावडर."

मैना रडायला लागली. "बेबी, असं काय करून राह्यली गं? मी काय केलं तुला?"

"तू तिथंच उभी होतीस काल. एक शब्द बोलली का?"

"घरी जा," बसंतीबाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. गोणपाट बाहेरच राहिलं.

मागच्या खोलीत भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत असे. बेबीनंदा आत आली तेव्हा गोजरबाई पिठाचा हात तसाच घेऊन उभी होती.

"डोस्कं फिरलं का तुझं? खोली जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हनायला मस्तगड तुझ्या बापाच्या नावावर हाय का? एका गोळ्यापायी घर उठवती का माझं?"

"गोळ्यापायी न्हाई, माय."

गोजरबाई परत परातीपाशी बसली. पीठ मळायला लागली. मग मान न वळवता म्हणाली, "किती राह्यलेत?"

"चार."

"कडक व्हत्याल. वल्लं फडकं टाक वरून."

शनिवारी तीन वाजता शाळेच्या मैदानात मांडव भरला होता. पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या, मागं सतरंज्यांवर मुली. बसंतीबाई पहिल्या रांगेत होत्या. बेबीनंदा नववीच्या रांगेत कडेला बसली. तिच्या मांडीवर दोन डबे होते, एक मोठा आणि एक लहान.

मैना स्टेजवर आली. बिस्किटं तिनं नीट कुटली, नीट चाळली. चॉकलेट पावडर घातली, दूध घातलं, मळलं, लाटलं. उषाबाई माईकवरून एकेक पायरी सांगत होत्या. "आता मैना गुंडाळी करणार आहे. बघा हं, किती सोपं आहे."

गुंडाळी अर्ध्यावर फुटली. मैनानं तुकडे गोळा करून दूध वाढवलं. आता ते प्लॅस्टिकला चिकटलं. हातानं खरवडून तिनं परत थापलं.

"अगं, गवऱ्या थापून राह्यली!" दहावीच्या रांगेतून एक आवाज आला.

"शेन कमी पडलं का गं?"

"पहिला नंबर गवऱ्यांचा!"

मागचा अर्धा मांडव हसला. मग पालकही हसले. उषाबाई म्हणाल्या, "शांत राहा, शांत राहा." मैना दोन्ही हात तसेच धरून उभी राहिली. कोपरापर्यंत तपकिरी झालेले होते.

बसंतीबाई खुर्चीवरून उठल्या. आधी त्यांनी स्टेजकडं एक पाऊल टाकलं. मग वळल्या आणि खुर्च्यांच्या मधून मागं, नववीच्या रांगेकडं चालत आल्या. त्या बेबीनंदासमोर थांबल्या तेव्हा हसणं कमी झालं होतं. त्यांनी हात पुढं केला.

बेबीनंदानं मोठ्या डब्याचं झाकण काढलं, वरचं ओलं फडकं बाजूला केलं. "तुम्ही घेता का म्या देऊ?"

"दे."

बेबीनंदानं एक गोळा काडीवरून काढला आणि बोटांनी बसंतीबाईंच्या तळहातावर ठेवला. बसंतीबाईंनी तो तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले, गाल आत ओढले गेले. मुली बघत होत्या, पाहुणे माना वळवून बघत होते. बसंतीबाई चावत राहिल्या. बेबीनंदाची नजर त्यांच्या गळ्यावर होती. गळा वर गेला, खाली आला.

"अब बोल," बसंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते चिंचेचं होतं.

"खजूर," बेबीनंदा म्हणाली. "रातभर दुधात भिजवून, कुस्करून घालायचा. पावडर न्हाईच त्याच्यात. रंग खजुराचा हाय, अन् चिकटून धरतोय पन तोच."

ती उठली, स्टेजवर गेली आणि लहान डबा मैनासमोर ठेवला. त्यात भिजवलेला खजूर होता. शुक्रवारी रात्रीच तिनं तो भिजत घातला होता.

"दुसरा पुडा फोड. अर्धी वाटी खजूर. वरून दुधाचा थेंब पन नको."

मैनानं वर पाहिलं नाही. डबा घेतला. ह्या वेळी पोळी उचलली तरी फुटली नाही, गुंडाळी झाली. ओल्या फडक्यात ठेवायला वेळ नव्हता, म्हणून चकत्या जरा चपट्या आल्या, पण पांढरं वेटोळं दिसलं. टाळ्या झाल्या.

उषाबाईंनी माईक मैनासमोर धरला. "छान! कोणी शिकवलं तुला हे?"

मैनानं पहिल्या रांगेकडं पाहिलं. "मम्मीनं."

बसंतीबाई खुर्चीत परत येऊन बसल्या होत्या. त्यांनी समोर पाहिलं. बेबीनंदा स्टेजच्या पायरीवर होती. ती खाली उतरली, आपला मोठा डबा उचलला आणि मांडवाबाहेर गेली. सोमवारपासून मैना दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

त्याच शनिवारी सहा वाजता जुगलकिशोर सेठ मागच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"रामकिसन, आमच्या घरात खोल्या लागणार आहेत. पाहुणे येणार. महिनाअखेरपर्यंत बघून घे."

"बराबर हाय, सेठजी," रामकिसन म्हणाला. सेठ गेल्यावर तो खाटेवर बसला. "आता कुठं बघायची खोली? तुम्हा दोघींचं काय चाललं होतं, मला जरा सांगा तरी."

गोजरबाई बेबीनंदाकडं वळली. "खाल्लं का तिनं खरंच?"

"सगळ्यांच्या म्होरं."

"थुकलं न्हाई ना माघारी जाऊन?"

"गिळलं. म्या बघून राह्यल्ते."

गोजरबाईनं फळीवरून तवा काढला आणि राखेनं घासायला घेतला. घासता घासता नवऱ्याला म्हणाली, "उठा. चौकातून चार अंडी आना."

"इथं?"

"इथं. सालं तीन झाली, आता खोली काढून अट त्यांनीच मोडली. अन् कागदात गुंडाळू नका. म्होरच्या दारानं या."

रामकिसननं तिच्याकडं पाहिलं, मग मुलीकडं. चपला घातल्या आणि गेला. पंधरा मिनिटांनी तो पुढच्या दारातून, सेठच्या ओट्यावरून, दोन्ही हातांत दोन-दोन अंडी धरून आला.

तवा तापला होता. बसंतीबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत दिवा लागलेला होता. गोजरबाईनं आपलं दार सताड उघडलं आणि पहिलं अंडं तव्याच्या काठावर फोडलं.