नाकाच्या रेघेपर्यंत

गोळाफेकीचा पाच किलोचा लोखंडी गोळा छताच्या हुकाला दोरीने टांगला होता आणि नववीच्या वर्गाला आज बाईंचीच परीक्षा घ्यायची होती.

"गोळा एक मीटर वर उचलला की एकोणपन्नास ज्यूल कार्य होतं," बाई म्हणाल्या. "झटक्यात उचलला तर शक्ती जास्त लागेल, पण कार्य तेवढंच. आणि तेवढीच स्थितिज ऊर्जा त्यात साठते. नाकापासून नुसता सोडला, तर परत नाकापर्यंतच येईल. पुढे तसूभरही नाही."

"मग घरच्या माणसाला उभं करा की, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

घरचं माणूस तिसऱ्या बाकावर गाल फुगवून बसलं होतं. बाईंची धाकटी नणंद. चाचणीत वहिनीने अर्धा मार्कसुद्धा वाढवून दिला नाही, तेव्हापासून घरात तिचा अबोला चालू होता. ती ताडकन उठली.

"राहते ना. घाबरते की काय मी?"

बाईंनी तिचं डोकं फळ्याला टेकवलं, नाकाच्या उंचीवर खडूने रेघ ओढली आणि गोळा नाकाला लावून तिच्या हातात दिला.

"नुसता सोडायचा. ढकलायचा नाही. आणि जागची हलू नकोस."

नणंदेने मान डोलावली. मग तिची मनगटं हलली. अगदी जराशी. गोळा नाकाला नुसता टेकला तरी वहिनी सगळ्यांसमोर खोटी पडणार होती.

बाईंनी ते पाहिलं. हे ढकलणंही कार्यच होतं, आणि ते आता गोळ्यात जमा झालं होतं. गोळा पलीकडे चढला, थबकला, वळला. पोरीच्या मागे फळा. डोकं न्यायला जागा नाही.

"खाली बस!"

"हलू नकोस म्हणालात ना!"

"अगं बस, बाई माझे!"

गोळा खालून सुसाट वर येत होता. आता तिलाही तो दिसला, तोंडावरचं हसू पार गेलं, पण गुडघे काही वाकेनात. बाईंनी झेप घेतली, दंड धरून तिला खेचलं, आणि दोघी टेबलाच्या पायाशी कोसळल्या.

गोळा आला. रेघ ओलांडून वर चढला, नाक होतं तिथून चार बोटं पुढे गेला, क्षणभर तसाच लटकला आणि मुकाट परत फिरला.

बाईंनी खालूनच फळ्यावरच्या रेघेकडे पाहिलं.

"रेघेच्या किती वर गेला?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"आठेक सेंटिमीटर, बाई," पहिल्या बाकावरून कुजबुज आली.

"पाच गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले उंची. सांग."

नणंदेने फरशीवर बोटाने आकडे गिरवले. "चार... चार ज्यूलसुद्धा पूर्ण नाहीत. वहिनी, एवढंसंच ढकललं गं मी."

"हो. एवढंसंच."

बाईंना दंडावरची पकड काही सैल करता येईना.

"दुखतंय, वहिनी."

"दुखू दे जरा."