सेक्वानाच्या कुंडातला चेहरा

"जे दुखतं तेच लाकडात कोरून देवीला न्यायचं, सूनबाई. धडधाकट अवयव वाहिलास तर सेक्वाना तो ठेवून घेते." सासूबाई जाताना एवढंच सांगून गेल्या.

माझी विंपा जन्मापासून आंधळी. ती पाच वर्षांची झाली तेव्हा मी देवीला साकडं घातलं आणि सुतार बेलोरिक्सला ओकच्या लाकडाचे दोन डोळे करायला सांगितले.

तो हसला. "नदीच्या आईला एवढंसं फळकुट? वहिनी, हात जरा सैल सोडा की!"

त्यानं अख्खा चेहराच कोरला. नाक, गाल, किंचित उघडे ओठ. इतका हुबेहूब विंपाचा, की सासूबाईंचे शब्द मला आठवलेच नाहीत. उगमाच्या कुंडात, लोकांनी वाहिलेल्या लाकडी हातापायांशेजारी, मी तो कौतुकानं ठेवला.

तिसऱ्या दिवशी विंपाला दिसू लागलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

पुढे कुंडातून पोरीचा आवाज येतो असं पाण्याला जाणाऱ्या बायका कुजबुजू लागल्या, तशी मी तिला घेऊन कुंडावर गेले. भर दुपारी तिथे धुकं होतं. विंपानं शेवाळाकडे बोट दाखवलं, आणि पाण्याखालून तिचाच आवाज आला, "आई, हा रंग कोणता गं?"

पोर माझ्या शेजारी. ओठ मिटलेले.

"हिरवा," मी पाण्याला सांगितलं. विंपानं मान डोलावली.

मी चेहरा उचलायला हात घातला, तोच पुजारीणबाईंनी मनगट धरलं. "वाहिलेलं परत नेतात होय?"

"लेकराचा आवाज आहे हो तो."

"म्हणूनच देवीनं जपलाय. बदली देऊन बघ. आवाजाला आवाज."

"कुणाचा?"

"रोज पहाटे इथं येऊन गाणी कोण म्हणतं, बाई?"

मी ओंजळीत पाणी घेऊन सेक्वानाला शब्द दिला.

या खेपेला बेलोरिक्सला आधीच बजावलं. फक्त तोंड. माझं. त्यानं थट्टा केली नाही. कोरता कोरता म्हणाला, "काहीतरी बोला ना, वहिनी. मापासाठी." मापाला बोलणं लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी बोलत राहिले.

आज सकाळी विंपाला जवळ घेऊन मला येतात तेवढे सगळे रंग सांगितले. पाण्याचा कोणता, ते मात्र सांगता आलं नाही. मग तिला तिच्या बापापाशी बसवलं, लाकडी तोंड फडक्यात गुंडाळलं आणि उगमाची वाट धरली.